दोन दिवसांचे पाहुणे

गोव्यात राहणाऱ्याला शनिवार-रविवारची धास्तीच असते. रस्त्यावर गाड्यांची रांग, किनाऱ्यावर बाटल्यांचा खच. आम्ही आपले बलकांवात बसून या वीकेंडवाल्यांना मनसोक्त शिव्या घालतो. मीही घालतो. पण मागे पॅरिसला गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी पाठीला पिशवी अडकवून मी स्वतःच वीकेंडवाला झालो आणि प्रोव्हँला जाऊन राहिलो.

नावावरून दक्षिणेतला प्रोव्हाँस प्रांत समजू नका. हे पॅरिसच्या आग्नेयेला, आगगाडीने सुमारे दीड तासावर असलेलं, बारा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. बाराव्या-तेराव्या शतकांत इथे शांपेन प्रांतातल्या नावाजलेल्या जत्रा भरत. देवाच्या नव्हेत, व्यापाराच्या. फ्लँडर्सचं लोकरी कापड यायचं, इटलीचे सावकार आणि मसाले यायचे. त्यातली मिरी मूळची आपल्या मलबारची! शांपेनचे काउंट व्यापाऱ्यांना वाटेत संरक्षणाची हमी देत, आणि त्या अभयावरच जत्रा फुलल्या. पुढे इटलीची जहाजं समुद्रमार्गे थेट ब्रूजला जाऊ लागली, जत्रा ओसरल्या आणि गाव मागे पडलं. सां किरियासचं भव्य चर्च सुरू झालं, पण पुरं झालंच नाही. आजही ते आखूडच आहे.

तटबंदी पाहिली, बाराव्या शतकातल्या सेझार मनोऱ्यावर चढलो, फोटो काढले. २००१ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशात घेतलंय, तेव्हा हे सगळं नेटकं असणारच. मनात राहिला तो मात्र खालच्या गावातला शनिवारचा बाजार. तिथल्या म्हाताऱ्या बाया पिशव्या घेऊन भाजीचा भाव विचारत होत्या, चीज हुंगून बघत होत्या. आपला म्हापशाचा शुक्रवार आठवला. त्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभा होतो तो मी! एका बाईने हसून मला बाजूला व्हायला सांगितलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हा वाटलं, गाव टिकलंय ते या पिशव्यांमुळे. नाहीतर आमचं जुने गोवे बघा. १९८६ साली तिथली चर्चं वारशाच्या यादीत गेली. ती डौलात उभी आहेत, पण शहर कुठे आहे? साथी आल्या, माणसं उठून गेली, १८४३ साली राजधानीही रीतसर पणजीला आली. उरली ती देवळाशिवायच्या दीपमाळेसारखी वास्तू.

आज फोंतेन्हासच्या गल्लीत काय चाललंय? परक्याच्या पायरीवर बसून फोटो, खिडकीत डोकावणं, सकाळपासून गलका. अशाने उद्या तिथली कुटुंबं घरं विकून निघून गेली, तर रंगवलेल्या भिंती राहतील आणि पोदेराला पाव द्यायला दार राहणार नाही.

पर्यटक नकोत, असं मी म्हणणार नाही. मीही कुठेतरी पर्यटक असतोच. पण त्या काळी काउंटांनी येणाऱ्याला अभय दिलं, आज ते राहणाऱ्याला द्यायची वेळ आली आहे. गल्लीत गाड्यांना बंदी, घरांचं हॉटेल करण्यावर मर्यादा, जुनं घर राखणाऱ्याला दुरुस्तीसाठी मदत, एवढं तरी सरकारने करावं. आणि पाहुण्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा, कुणी पिशवी घेऊन आलं तर आधी वाट सोडावी.