डागडुजी कोणाच्या खात्यावर?

पावसाने चार दिवस लावून धरला की पुण्या-मुंबईतल्या, ठाण्या-नाशकातल्या भाड्याच्या घरांत एक ठरलेला पत्रव्यवहार सुरू होतो. भाडेकरू भिंतीवरच्या ओलीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. मालकाकडून अंगठा येतो. आठवड्याने पुन्हा फोटो जातो, तोवर भिंतीचे पोपडे सुटलेले असतात. ‘प्लंबरला सांगितलंय’, असे उत्तर मिळते. प्लंबर येतो तो नेमका भाडेकरू कामावर असताना, आणि कुलूप बघून परत जातो. दसऱ्यापर्यंत भिंत आपोआप वाळते आणि विषयही मिटतो. करार अकरा महिन्यांचा असतो. पुढच्या पावसात ती ओल दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येते.

हा मालक-भाडेकरूंच्या स्वभावाचा प्रश्न आहे, असे समजून आपण तो आजवर सोडून दिला आहे. मालक चांगला भेटला तर नशीब, नाही तर घर बदला. पण नशिबावर सोडण्याइतकी ही बाब किरकोळ नाही. शिवाय यात कायद्याचाच एक मोठा विनोद दडलेला आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने वेगळे काही कबूल केले नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर दुरुस्ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा एकच, ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. वाचायला तरतूद नेटकी आहे. कोर्टकचेरी नाही, वकील नाही. नोटीस, गवंडी, पावती आणि हिशेब.

आता हा हक्क मिळतो कोणाला ते बघा. कायद्याच्या अर्थाने जो ‘भाडेकरू’ आहे त्याला. म्हणजे मुख्यतः गिरगाव-दादरच्या चाळींत, पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या पागडीच्या भाडेकरूला. त्याचे भाडे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, तरी मुळात आकडाच इवलासा. समजा महिन्याला दीडशे रुपये भाडे आहे. वर्षाचे झाले अठराशे, त्याचा चौथा हिस्सा साडेचारशे. एवढ्यात सिमेंटचे एक पोते येते, ते लावणारा गवंडी येत नाही. तिकडे मालकाचीही ओरड खोटी नाही. त्या भाड्यात जिन्याची एक पायरीसुद्धा दुरुस्त होत नाही. म्हणून तर १९६९ साली उपकराची आणि इमारत दुरुस्ती मंडळाची व्यवस्था काढावी लागली. ज्याला हक्क आहे त्याच्या हाती तो वापरण्यापुरते पैसे नाहीत.

आणि जो महिन्याला पंचवीस हजार मोजतो, त्याच्या हाती हक्कच नाही. कारण तो भाडेकरू नाहीच. त्याने सही केली आहे ती ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारावर, आणि त्या करारात स्पष्ट लिहिलेले असते की यातून भाडेकरूपणाचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. कायद्याच्या भाषेत तो परवानाधारक. कायद्यात त्याची व्याख्या वेगळी आहे, आणि कलम १४ त्याच्याबद्दल बोलतच नाही. तो भाडेकरू असता तर वर्षाच्या तीन लाखांपैकी पाऊण लाखापर्यंतची दुरुस्ती भाड्यातून वळती करू शकला असता. तेवढ्यात अख्खे न्हाणीघर उकरून नवे होते. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट या आवश्यक सेवा तोडायला मालकाला मनाई करणारे कलम २९ सुद्धा बोलते ते भाडेकरूबद्दलच. आज शहरांत नव्याने भाड्याने जाणारी बहुतेक घरे याच करारावर जातात. म्हणजे दुरुस्तीच्या बाबतीत हा कायदा गेल्या पिढीतल्या घरांसाठी जागा आहे आणि आजच्या घरांसाठी झोपलेला.

परवानाधारकासाठी काहीच नाही असे नव्हे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, जागेत जीविताला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. सांगितला पाहिजे एवढेच. दुरुस्त केला पाहिजे असे नाही. दुसऱ्याच्या शेतातून वाट, दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी असल्या गोष्टींसाठी रचलेल्या कायद्यावर २४ व्या मजल्यावरचा टू बीएचके उभा आहे.

हे असे का झाले, तेही समजून घेतले पाहिजे. जुन्या कायद्याने भाडेकरूला इतके घट्ट संरक्षण दिले की एकदा घर दिले म्हणजे गेलेच, अशी मालकांची धारणा झाली आणि कुलूपबंद फ्लॅट वाढत गेले. परवान्याची पळवाट त्यातूनच रुंदावली. १९७३ साली तोवरच्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरू मानले तेव्हा मालक आणखी धास्तावले. १९९९ च्या कायद्याने कलम २४ आणून ती धास्ती घालवली. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई, आणि ताबा मिळवून द्यायला सक्षम प्राधिकारी. हे योग्यच झाले. घर परत मिळण्याची खात्री नसेल तर कोणी घर देणार नाही. पण घर परत मिळण्याची हमी आणि घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देताना दुसरी काढून घ्यायचे काही कारण नव्हते. ती कोणी ठरवून काढलीही नसेल. बहुधा कोणाच्या लक्षातच आली नाही.

या पोकळीत प्रत्यक्ष काय होते, ते न्हाणीघराच्या गळतीवरून कळते. तिसऱ्या मजल्यावरच्या छतातून पाणी ठिबकते. वरच्या न्हाणीचा ट्रॅप सुटला आहे किंवा टाइल्सच्या सांध्यांतले भरण गेले आहे. खालचा भाडेकरू आपल्या मालकाला कळवतो. मालक सोसायटीच्या सेक्रेटरीला. सेक्रेटरी आदर्श उपविधी काढून दाखवतो. त्यानुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपातून येणारी गळती सोसायटीची. फ्लॅटच्या आतल्या कामांची जबाबदारी सभासदाची. मग वरच्या सभासदाला पत्र. तो सभासद न्यू जर्सीत, आणि वरच्या घरात त्याचा भाडेकरू, ज्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. त्याचे तर पाणी व्यवस्थित वाहून जाते आहे. फरशी फोडायची म्हणजे त्याला चार दिवस न्हाणीघर बंद. तो कशाला हो म्हणेल? या साखळीत पाच माणसे आहेत. त्यांपैकी ज्या दोघांना त्या घरांत रोज राहायचे आहे, त्यांना सोसायटीच्या सभेत बसायलाही जागा नाही. सोसायटी फक्त सभासदाला ओळखते. सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क ती वसूल करते, राहणाऱ्याची तक्रार मात्र घेत नाही. शेवटी खालचा भाडेकरू ठिबकणाऱ्या जागेखाली बादली ठेवतो आणि ती रोज सकाळी रिकामी करतो.

गळतीत निदान जीव जात नाही. गिझरमध्ये जातो. अर्थिंग नसलेल्या वायरिंगवर जुना गिझर चालू आहे, नळाला हात लावला की मुंग्या येतात. हे वाक्य तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून सांगितले जाते. एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणी तरी त्याजागी जास्त अँपिअरचा बसवून देतो. त्याने एमसीबी पडायचा थांबतो, वायर तापायची थांबत नाही. झरोका नसलेल्या किंवा जाळीवर पुठ्ठा लावलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर ही तर उघड घातक गोष्ट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात आपण सगळेच वाचतो. अशा दुरुस्तीला १५ दिवसांची नोटीस म्हणजे थट्टा आहे. आणि या बाबतीत ‘माझं घर, मी बघीन’ म्हणणाऱ्या मालकाइतकाच ‘अकरा महिन्यांपुरतं चालवून घेऊ’ म्हणणारा भाडेकरूही दोषी आहे.

भाडेकरूंची बाजू सगळीच धुतल्या तांदळासारखी नाही. नळाची तोटी महिनाभर गळत ठेवायची आणि सिंकखालचे फर्निचर फुगले की मालकाला बोलवायचे. मोरीत तांदूळ-भाजीचे काडीकचरे सोडून ‘ड्रेनेज तुंबतंय’ म्हणून ओरडायचे. भिंतीला न विचारता ड्रिल मारून आतला पाइप फोडायचा, हे सगळे घडते. पुण्यात अनेक निवृत्त जोडप्यांचे महिन्याचे भागते ते दुसऱ्या फ्लॅटच्या भाड्यावर. त्यांना बड्या घरमालकाच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे. मात्र त्याच वेळी, घर सोडताना ‘रंगाचे’ म्हणून अनामतीतून सरसकट एक महिन्याचे भाडे कापणे ही जी रूढी झाली आहे तीही लूट आहे. दोन-तीन वर्षांत भिंतीचा रंग उतरतो तो राहण्यामुळे. ते नुकसान नव्हे, झीज आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हा फरक १८८२ मध्येच मान्य केला होता. एजंटांना तो अजून मान्य व्हायचा आहे.

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात या सगळ्याचे एक साधे उत्तर परिशिष्टात दिले आहे. संरचनेची दुरुस्ती, रंगसफेती, नळाचे पाइप बदलणे, घराचे वायरिंग ही कामे मालकाची. तोटीचा वॉशर, मोरीची सफाई, कमोड-बेसिनची किरकोळ कामे, गिझर, बटणे-सॉकेट, कड्या-कुलपे, खिडकीच्या काचा हे भाडेकरूचे. मालकाने काम केले नाही तर भाडेकरूने करून भाड्यातून वळते करावे, पण एका महिन्यात निम्म्या भाड्यापेक्षा जास्त नाही. मालकाला घरात यायचे असेल तर २४ तास आधी कळवावे. या यादीशी आमचे थोडे भांडण आहे. भाडेकरू येण्याआधीच दहा वर्षे जुना झालेला गिझर त्याने का दुरुस्त करायचा? पण काहीच न ठरवण्यापेक्षा वाकडे का होईना, ठरवलेले बरे. भाडे हा राज्यांचा विषय. महाराष्ट्राने हा नमुना स्वीकारलेला नाही. जुन्या भाडेकरूंना त्यातून बेघर होण्याची भीती वाटते आणि त्या भीतीपुढे कोणताही पक्ष छाती काढत नाही.

हरकत नाही. ते मोठे भांडण बाजूला ठेवूनही दोन गोष्टी करता येतात. पहिलीला तर कायदाही बदलावा लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स करारांची ऑनलाइन नोंदणी राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग करतो. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात हजार रुपये नोंदणी शुल्क तो घेतो. करारात पंखे किती, ट्यूबलाइट किती याची यादी भरायला रकाने असतात. ते पंखे बिघडले तर काय, याचा तपशील शोधून सापडत नाही. त्या तयार मसुद्यात दुरुस्तीचे एक परिशिष्ट घालावे. कोणते काम कोणाचे, वीज-पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या तक्रारीला किती तास, बाकीच्यांना किती दिवस, तक्रार कोणत्या नंबरवर गेली म्हणजे पोचली असे समजायचे, आणि मालक परगावी किंवा परदेशी असेल तर त्याच्या वतीने इथे खर्चाला होकार देणारा माणूस कोण. दोघांना यादी बदलायची असेल तर खुशाल बदलावी, पण रकाना कोरा सोडता येऊ नये. ताबा देताना घराचे, भिंतींचे, मीटरचे फोटो करारासोबत जोडण्याची सोय द्यावी, म्हणजे निघताना ‘हा डाग आधीपासून होता’चा वाद निम्मा मिटेल. सक्षम प्राधिकाऱ्यापुढे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. आजवर याचा फायदा ताबा परत घेणाऱ्या मालकाला झाला. मजकुरात दुरुस्ती आली की राहणाऱ्यालाही निदान बोट ठेवायला एक ओळ मिळेल.

दुसरी गोष्ट विधिमंडळाची. कलम १४ मध्ये भाडेकरूसोबत परवानाधारकाचा समावेश करावा आणि धोक्याच्या दुरुस्त्यांसाठी १५ दिवसांची अट ७२ तासांवर आणावी. वजावट किती यावर वाद होईल. वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा मालकाला जड वाटत असेल तर एका महिन्याचे भाडे ही मर्यादा चालेल. मुदत संपल्यावर घर रिकामे करून मिळण्याच्या हमीला याने धक्का लागत नाही, कलम २४ जसेच्या तसे राहते. भाडे वाढेल, असे एजंट म्हणतील. थोडे वाढेलही. पण आज तोच खर्च भाडेकरू प्लंबरला रोखीने देतो, पावती मागत नाही, आणि अनामत परत घेताना तो मोजला जावा म्हणून विनवण्या करत बसतो.