भंगारात नको, गिटारला द्या

मच्छ्यात आमच्या मंडपवाल्या काकांकडं जुना पॉवर अॅम्प्लिफायर धूळ खात होता. ते म्हणाले, "भंगारात घालतो." मी म्हटलं, "गिटारला लावतो की!"

याला 'स्लेव्ह' म्हणतात. स्वतःचा सूर नाही, आलेला सिग्नल फक्त मोठा करायचा. गिटार थेट जोडून भागत नाही. तिचा सिग्नल मिलिव्होल्टांतला, याला हवा साधारण एक व्होल्ट. मध्ये प्रीअॅम्प लागतोच. स्पीकरही गिटारचाच हवा, तो साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापतो. भोंग्यातून डिस्टॉर्शन ऐकलंय? करवत परवडली.

जुने कपॅसिटर मात्र जाणकाराकडूनच बदला, प्लग काढला तरी त्यात चार्ज राहतो.

मला हा नव्या अॅम्पपेक्षा आवडतो. माझी चूक हा झाकत नाही. ट्रान्सफॉर्मरमुळं उचलायला दोघं लागतात, तेवढीच तक्रार.