‘सर्व्हर डाऊन’ लिहिणाऱ्यांनो, खरं कारण लिहा

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव. कुठल्याही खिडकीवर जा, संगणक अडला की उत्तर ठरलेलं: “सर्व्हर डाऊन हाय मावशी, उद्या या.” त्या मावशीनं विड्या वळायचा आजचा रोज बुडवलेला असतो, उद्याचाही बुडेल. कारकुनावर माझा राग नाही. पडद्यावर जे दिसतं तेच तो सांगतो. राग आहे तो ते वाक्य पडद्यावर टाकणाऱ्या प्रोग्रामरवर.

सीमाभागातल्या पतसंस्थांचे आणि सौहार्द संस्थांचे जुने पीएचपी प्रोग्रॅम दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. म्हणून ठणकावून सांगतो, डेटाबेस मुका नसतो. जोडणी फसली की आकड्यासकट कारण मिळतं. 1045 म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. 1049 म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. 2002 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही: मायएसक्यूएल बंद आहे, पोर्ट अडवलाय किंवा पत्ता चुकलाय. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की पीएचपी सॉकेट फाइल शोधतं, 127.0.0.1 लिहिलं की 3306 पोर्टवर जातं. दुसऱ्यानं जोडणी झाली आणि पहिल्यानं नाही, तर सॉकेटचा मार्ग तपासायचा. एवढं सोपं आहे. पण हे महाशय ओळीआधी ‘@’ लावून चूक दाबतात, नाहीतर कॅच रिकामा सोडतात, आणि मग सगळ्या रोगांना एकच नाव देतात.

1040 आला, म्हणजे जोडण्या संपल्या, की 151 ची मूळ मर्यादा वाढवून मोकळे होतात. प्रोसेसलिस्ट उघडून कोणती स्क्रिप्ट जोडण्या अडवून बसली आहे, हे बघायचे कष्ट कोण घेणार? जुनं मायएसक्यूएल एक्स्टेंशन जाणार हे पीएचपीनं 2013 पासून बजावलं, 2015 अखेर आलेल्या 7.0 मधून ते काढूनही टाकलं. इशारे लपवून ठेवणाऱ्यांचे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर कोसळले, आणि खापर फुटलं डेटाबेसवर.

सगळ्यात संतापजनक प्रकार जोडणी झाल्यावर घडतो. आमच्याकडे एकाच नोंदवहीत कन्नड आणि देवनागरी दोन्ही लिपींतली नावं असतात. टेबल युटीएफएट-एमबीफोर, पण जोडणीचा कॅरेक्टर सेट लॅटिन-वन राहिला, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. तोच फॉर्म कुणी पुन्हा सेव्ह केला की प्रश्नचिन्हंच साठतात आणि मूळ नाव पुसलं जातं. इथल्या माणसाचं कागदावरचं नाव ही क्षुल्लक गोष्ट नाही. त्यावर त्याची ठेव आणि त्याचं कर्ज अवलंबून असतं. ते वाचवायला जोडणीनंतर कॅरेक्टर सेट सांगणारी एक ओळ पुरते, आणि तीही लिहिली जात नाही.

माणसं मिळत नाहीत, ही सबब इथं चालणार नाही. 1998 साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे.

एररचा आकडा, वेळ आणि स्क्रिप्टचं नाव लॉगमध्ये लिहा. पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता पडद्यावर दाखवू नका, पण अडचण कसली आहे आणि परत केव्हा यायचं, हे साध्या मराठीत आणि कन्नडमध्ये दाखवा. आणि संस्थांच्या संचालकांनो, प्रोग्रामरचं पुढचं बिल देण्याआधी त्याच्याकडे तो लॉग मागा. तो नसेल, तर बिल देऊ नका.