घसादुखी नेहमी सर्दीचीच नसते



आमवाताच्या रुग्णांनी जबडा दुखल्यास दात तपासावेत आणि घशासाठी गुळण्या कराव्यात, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला अपुरा आहे. कानापुढचा जबड्याचा सांधा या आजारात सुजतो, हे चटकन पटते. पण स्वरयंत्रातही चिमुकले सांधे असतात, तेही सुजतात. मग आवाज बसतो, गिळताना काही अडकल्यासारखे वाटते. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना हे आवर्जून सांगावे. कारण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते. श्वास घेताना घरघर झाली, तर थेट रुग्णालय गाठावे.

शिवाय आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात. घसादुखीसोबत ताप किंवा तोंडात फोड आले, तर आठवड्याचा पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, रक्त तपासावे. गुळण्या कराव्यात की, कोण नको म्हणतो!

– एक आमवातग्रस्त वाचक, सातारा