जळाल्यावर जागे होणारे राज्य

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जिथे त्यांना अभिवादन करायचे, तिथे राख पाहून रंगकर्मी ओक्साबोक्शी रडले. मग मंत्र्यांच्या गाड्या आल्या, वीस कोटींची घोषणा झाली. आम्ही विचारतो, ही धावपळ ७ ऑगस्टला कुठे होती?

हे नाट्यगृह राजर्षी शाहूंनी १९१३ ते १९१५ या काळात बांधले. नाव होते पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागेचे कुस्तीमैदान. तालमीतला पैलवान आणि नाटकाचा शौकीन या दोघांनाही आपल्या राजधानीत मानाची जागा हवी, हे त्या राजाला कळत होते. संस्थानाच्या तिजोरीतून रंगमंदिर उभारणे त्याला उधळपट्टी वाटली नाही. त्याच नगरीत घडलेल्या केशवरावांनी १९०८ साली ऐन अठराव्या वर्षी ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत संयुक्त ‘मानापमान’ रंगवला आणि त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. पुढे थिएटराला त्यांचे नाव मिळाले. ते नाव एका रात्रीत जळू देणाऱ्या व्यवस्थेला आम्ही गुन्हेगार म्हणतो. अलीकडच्याच वर्षांत कोट्यवधी खर्चून नूतनीकरण झालेली ही वास्तू होती! खुर्च्या आणि रंगरंगोटी म्हणजे जतन नव्हे. वायरिंग, पाण्याच्या टाक्या, वाळलेले लाकूड, रात्रीचा पहारा यांवर रोज नजर ठेवणे म्हणजे जतन.

कोल्हापूर लांब आहे असे ट्रॉम्बे-चेंबूरकरांनी म्हणू नये. १९४८ साली उभा राहिलेला आर. के. स्टुडिओ आपल्याच दारात होता. १६ सप्टेंबर २०१७ रोजी तोही आगीत सापडला. सत्तर वर्षे जपलेले पोशाख आणि साहित्य खाक झाले. वर्षभरात तो विकायला निघाला आणि २०१९ मध्ये जागा बांधकाम कंपनीकडे गेली. मालकांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ज्या शहराचे नाव चित्रपटाने जगभर नेले, त्या शहराच्या सरकारला ही जागा घ्यावीशी वाटली नाही, हा कलंक सरकारचा आहे.

जुनी वास्तू वाचवता येत नाही, ही सबब आम्हाला कोणी सांगू नये. गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले. दोन दशकांहून अधिक काळ कबुतरे आणि धूळ सोसून ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले, कारण गोंडलच्या राजघराण्याने आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी चिकाटीने काम केले. एक घराणे जे करते, ते श्रीमंत मुंबई महापालिका आणि महाराष्ट्र सरकार करू शकत नाही?

आणि आमच्या बाजूला काय आहे? महापालिकेची नाट्यगृहे म्हटली की बोरिवली, पार्ले, मुलुंड, भायखळा ही नावे येतात. ट्रॉम्बेचे नाव त्यात नाही. तेलशुद्धीकरण कारखाने, अणुसंशोधन केंद्र, देवनारचा कचरा हे सारे या बेटाने पोटात घेतले. इथल्या कोळीवाड्यात आणि वस्त्यांमध्ये शाहिरी आहे, जलसे आहेत, नाटकाची ओढ असलेली पोरे आहेत. त्यांनी तालीम कुठे करायची?

आमची मागणी स्पष्ट आहे. राज्यातल्या प्रत्येक जुन्या नाट्यगृहाची दरवर्षी अग्निसुरक्षा तपासणी करा आणि तिचा अहवाल नाट्यगृहाच्या दारावर लावा. वारसा यादीत न बसलेली जुनी रंगमंदिरे आणि स्टुडिओ शोधून काढा, त्यांचा सौदा होण्याआधी. देखभालीसाठी अर्थसंकल्पात वेगळी, दरवर्षीची तरतूद करा. केशवरावांचे नाट्यगृह मूळ रूपात, निकृष्ट काम न करता उभे करा. आणि ट्रॉम्बेला महापालिकेचे रंगमंदिर द्या. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून या पाच गोष्टी लेखी घ्या, वाचकहो. देणार नाही त्याला दारातूनच परत पाठवा.