पंधरा आणि सेहेचाळीस

परवा गावाला जाऊन आलो. तात्यांचा तेरावा होता.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. खटाव तालुक्यातले, म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. १९६२ च्या चीन युद्धानंतर फौजेत मोठी भरती झाली, त्यात १९६३ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले. बेळगावला ट्रेनिंग, मग जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण जमालपूरला लढली, तेव्हा तात्या तिच्यात होते. १९७८ ला हवालदार म्हणून घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी औत धरलं.

तेराव्याला माजी सैनिकांची मंडळी आली होती. भाषणं झाली. जो तो ७१ बद्दल बोलला. ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? पण माझ्या मनात वेगळाच हिशेब चालू होता. फौजेत पंधरा वर्षं, रानात सेहेचाळीस. त्या सेहेचाळीस वर्षांबद्दल कुणी एक वाक्य बोललं नाही.

तात्या स्वतः लढाईबद्दल फार बोलत नसत. खोदून विचारलं तर सांगायचे ते नंतरच्या सुट्टीचं. १९७२ चा दुष्काळ. घरात दहा तोंडं, मनीऑर्डर पुरत नव्हती. हे गावी आले तर काकी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलेल्या, आणि चुलीवर रेशनच्या मिलोची भाकरी. "त्र्याण्णव हजार शरण आलं म्हणून आम्ही तिकडं नाचलो, आन् हितं ही खडी फोडत हुती," एवढं म्हणून तंबाखू मळायला घ्यायचे.

चार एकर मुरमाड रान. जोंधळा, हरभरा, पाणी असलं तर कांदा. आम्ही सगळे म्हणायचो, तात्यांनी शेती छान सांभाळली. खरं म्हणजे शेती सांभाळली पेन्शनीनं. बी-बियाणं पेन्शनीतून, मोटर जळली की पेन्शनीतून, कांद्याच्या पट्टीत गाडीभाडंही निघालं नाही त्या वर्षीचा किराणासुद्धा पेन्शनीतूनच. ज्याच्या घरात फौजेची पेन्शन नाही, त्या शेजाऱ्याचं काय होत असेल?

शास्त्रीजींनी १९६५ साली "जय जवान, जय किसान" म्हटलं. आमच्याकडे ही दोन माणसं कधी नव्हतीच, एकच होता. त्यातल्या जवानाची देशानं जन्मभर आठवण ठेवली, दर महिन्याला. ठेवायलाच हवी. किसानाला मात्र आपण फक्त घोषणेत ठेवलं. पीक काढण्याची त्याची कुवत कमी नव्हती. पिकाला भाव मिळेल याची हमी नव्हती. माझ्या मते तात्यांना खरी श्रद्धांजली द्यायची तर हे बोललं पाहिजे.

आता पेन्शन काकींच्या नावावर होईल, तीही कमी होऊन. निघताना चुलतभावानं हळूच विचारलं, "दादा, रान ठेवू का विकू?"

एसटी येईपर्यंत मी गप्पच होतो.