तलवार ऑनलाइन मागवली, पण ती घरी येईल का?

दरवर्षी 12 जानेवारीला सिंदखेड राजात पाय ठेवायला जागा नसते. लखुजीराव जाधवांच्या वाड्यासमोर माणसांचा पूर, भगव्या पताका, ढोल-ताशे आणि कुठेतरी मोकळ्या जागेत लाठी-काठी नि दांडपट्टा फिरवणारी पोरं-पोरी. ते पाहून अंगावर काटा आलेला एखादा विशीतला मुलगा परतीच्या एसटीतच मोबाइल काढतो आणि शोधतो, ‘तलवार’. समोर पर्यायांची रांग लागते. शोभेची तलवार, जपानी कटाना, सिनेमातल्या नायकाची तलवार, ‘परदेशातून थेट घरपोच’. पैसे भरायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

हा लेख त्या मुलासाठी आहे. त्याच्या वडिलांसाठीही आहे, कारण पार्सलवर पत्ता बहुतेक वेळा वडिलांच्या दुकानाचा असतो.

माझे मत आधीच सांगतो. परवाना हातात नसेल तर परदेशातून तलवार मागवू नका. पण एवढे सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मर्दानी खेळ मनापासून शिकणाऱ्याला सरळ, कायदेशीर वाट दाखवण्याचे काम सरकारनेही नीट केलेले नाही.

कायद्याला तलवार कशी दिसते?

शस्त्र कायदा 1959 चा. त्यात ‘शस्त्र’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली धारदार आणि प्राणघातक हत्यारेही त्यात येतात. शस्त्र नियम 2016 मध्ये बंदुकीखेरीजच्या हत्यारांचा वेगळा गट आहे. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांची त्यात नावानिशी नोंद आहे. शिवाय 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची तशीच इतर हत्यारेही त्यात धरली आहेत.

मग खंडेनवमीला आपण पूजतो तो कोयता, विळा, कुऱ्हाड? निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यामुळे शेतात ऊस तोडणारा कोयता हे अवजार ठरते. तोच कोयता रात्री चौकात हवेत नाचवला, तर पोलीस त्याला अवजार म्हणत नाहीत. पुण्याच्या बातम्या आपण वाचतोच.

दुकानदाराचे आवडते वाक्य असते, ‘साहेब, धार नाही, शोभेची आहे’. या वाक्यावर विसंबू नका. कायद्यातून सुटते ते असे हत्यार, जे खेळण्याखेरीज दुसऱ्या कशाच्याही उपयोगाचे नाही आणि ज्याचे खऱ्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही. दोन्ही अटी एकत्र लागतात. प्लास्टिकची किंवा पातळ पत्र्याची तलवार यात बसेल. पण चांगल्या पोलादाचे, अडीच फुटांचे, फक्त धार न लावलेले पाते गावातल्या सहाणवाल्याकडे नेले तर किती वेळात तयार होते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते पोलिसांनाही ठाऊक आहे.

घरात भिंतीवर टांगली तर?

इथे कायदा जरा वळणाचा आहे. बंदुकीला देशात सगळीकडे परवाना लागतो. तलवारीसाठी कलम 4 आहे. एखाद्या भागात अशा हत्यारांवरही नियंत्रण हवे, अशी अधिसूचना निघाली की तिथे ती विकत घेणे, जवळ ठेवणे, घेऊन फिरणे या सगळ्यालाच परवाना लागतो. महाराष्ट्रात तलवार सापडल्याच्या बातमीत ‘कलम 4 व 25 प्रमाणे गुन्हा’ हे शब्द ठरलेले असतात. कलम 25 खाली अशा गुन्ह्याला किमान 1 वर्ष आणि कमाल 3 वर्षे कैद व दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे.

त्याच्या जोडीला येते महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम 37. सण, निवडणूक, मोर्चा, तणाव असला की जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त शस्त्रबंदीचा आदेश काढतात. बुलढाण्यात असे आदेश नवे नाहीत, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोट्या चौकटीत ते येतात आणि कोणी वाचत नाही. या आदेशाच्या काळात तलवारच काय, लाठी घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकतो. कलम 135 खाली शिक्षा एक वर्षापर्यंत असून सबळ कारण नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही.

तलवारीने केक कापून त्याचे रील टाकणारे भाऊ-दादा याच दोन कायद्यांत अडकतात. पुरावा त्यांनी स्वतःच जगाला दाखवलेला असतो.

न्यायालयात अशा खटल्यांत वकील काही ठरावीक गोष्टी तपासतात. अधिसूचना रेकॉर्डवर आणली का, पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी मोजली का, पंच जबाबावर टिकले का. त्यातून माणसे सुटतातही. पण सुटेपर्यंत तारखा किती पडतात, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही विचारा.

परदेशातून आणली तर आणखी काय?

आता दोन कायदे एकत्र येतात. शस्त्र कायद्याचे कलम 10 म्हणते की परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही. समुद्रमार्गे, विमानाने की जमिनीवरून, याने फरक पडत नाही. या नियमाला थोडे अपवाद आहेत, पण ते कायद्याने शस्त्र बाळगण्याचा अधिकार आधीच असलेल्यांसाठी आणि पर्यटकांसारख्या मोजक्यांसाठी. घरी बसून कुरिअरने मागवणाऱ्यासाठी ते नाहीत. कलम 10 मोडले तरी शिक्षा तीच, 1 ते 3 वर्षे.

दुसरा कायदा सीमाशुल्काचा, 1962 चा. जगभर प्रत्येक मालाला एक संकेतांक असतो. तलवारी, संगिनी, भाले आणि त्यांच्या म्यानांचाही एक आहे, 9307. म्हणजे रिकामे म्यान मागवले तरी ते कापड किंवा चामड्याची वस्तू म्हणून जात नाही, शस्त्रांच्याच प्रकरणात बसते. विक्रेता मात्र पार्सलवर बिनधास्त ‘घरसजावट’ किंवा ‘धातूची भेटवस्तू’ असे लिहून पाठवतो. मुंबईत पार्सल क्ष-किरण यंत्राखाली गेले की आत काय आहे ते दिसते. कागदावर एक आणि खोक्यात दुसरे, ही गोष्टच कलम 111 खाली माल जप्त करायला पुरेशी आहे. पुढे कलम 112 खाली दंड. नोटीस येते ती आयात करणाऱ्याच्या नावाने, म्हणजे तुमच्या. विक्रेता कुठल्या तरी परक्या शहरात बसलेला असतो आणि त्याचे पैसे त्याला मिळालेले असतात.

सगळ्या तलवारी परदेशातूनच येतात असेही नाही. एप्रिल 2022 मध्ये धुळे जिल्ह्यात सोनगीरजवळ पोलिसांनी एका गाडीतून 89 तलवारी पकडल्या. त्या राजस्थानातील चित्तोडगडहून आपल्या शेजारच्या जालन्याकडे निघाल्या होत्या. त्याआधी मे 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्या. असे प्रकार घडल्यावर हौशी संग्राहक आणि टोळीवाला यांच्या पार्सलमध्ये फरक करायला कोणाला सवड नसते.

गुन्ह्याची खरी किंमत

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाच वाजता जा. पोलीस भरतीची पोरे धावत असतात. सैन्याची तयारी करणारी असतात. चिखलीचा, मेहकरचा असा एखादा मुलगा समजा. हातात कटाना धरून एक फोटो, एक तक्रार, एक गुन्हा. दंड कदाचित किरकोळ होईल, कदाचित तो निर्दोषही सुटेल. पण भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ हा प्रश्न असतो.

तिथे ‘नाही’ लिहायचा मोह होतो. तो टाळाच. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची चौकट आखून दिली. माहिती खरी द्यायलाच हवी. गुन्हा किरकोळ असेल तर नियुक्त करणारा अधिकारी ते लक्षात घेऊन दुर्लक्ष करू शकतो. पण सगळे खरे सांगितले तरी त्याला उमेदवाराची पात्रता तपासण्याचा अधिकार राहतोच. तीन हजारांची तलवार आणि तीन वर्षांची धावपळ, असा तो हिशेब आहे.

फिरंग : आयात केलेला वारसा

या विषयात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने ती 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. वऱ्हाडाने ज्या घराण्याचा अंमल पाहिला, त्याच घराण्याची ही तलवार. तिचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे. पात्यावर सोन्याने देवनागरीत नाव कोरलेले, त्यात ‘फिरंग’ हा शब्दही आहे. फिरंग्यांच्या देशातून आलेले पाते, त्याला आपल्याकडची मूठ. म्हणजे आपण ज्याला अस्सल मराठा तलवार म्हणून मिरवतो, तिच्यातला अर्धा माल आयातीचा होता. सरदार परदेशी पोलाद मागवत होते आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

म्हणून ‘परदेशी तलवार कशाला हवी’ असा उपदेश मी करणार नाही. हौस जुनी आहे. फक्त सरकारने तलवार आणली ती उघडपणे, कागदपत्रांनिशी, लिलावाच्या पावतीसह. आपल्यालाही तसेच करावे लागेल.

एक उलट बाजूही लक्षात ठेवा. घरात पणजोबांची, शंभर वर्षांहून जुनी तलवार असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याने ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या पुतण्याला आठवण म्हणून देण्याचा विचार असेल तर तो सोडा. आणि ‘जुनी आहे, म्हणून परवाना नको’ हेही गृहीत धरू नका. जुन्या, निकामी शस्त्रांना दिलेल्या सवलतीची भाषा बंदुकीला धरून लिहिलेली आहे.

मग शिकायचे कसे?

आपल्या आखाड्यांनी याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. फरी-गदका. हातात कातडे मढवलेली काठी आणि छोटी ढाल. हात, पाय, नजर तयार होईपर्यंत पोलादाला कोणी शिवू देत नसे. जपानी विद्येतही सरावाला बांबूची शिनाई आणि लाकडी बोक्केन असते. ऑलिम्पिकच्या तलवारबाजीत बोथट टोकाची हत्यारे वापरतात. दिवाणखान्यात टांगायला तलवार हवी असेल तर लाकडाची किंवा ज्याला धार लागूच शकत नाही अशा हलक्या धातूची घ्या, इथल्याच दुकानातून, बिलासह.

खरी तलवार हवीच असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याचा अर्ज करा. परवान्याच्या ठरलेल्या नमुन्यात खेळ आणि संरक्षण यांबरोबर ‘प्रदर्शन’ हाही हेतू छापलेला आहे. कायद्याने दार ठेवले आहे. पण ते कुठे आहे, हे सांगणारी पाटी कोणी लावलेली नाही.

माझी तक्रार इथे आहे. शिखांच्या कृपाणाला देशात सूट आहे, संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्येच तिचा उल्लेख आहे. कोडगूच्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे. पंजाबचा गटका, केरळचे कलरीपयट्टू आणि मणिपूरचे थांग-टा हे खेलो इंडिया युवा स्पर्धेत आले. 2021 च्या स्पर्धेसाठी निवडलेल्या पाच देशी प्रकारांत आपला मल्लखांब होता, मर्दानी खेळ नव्हता. शिवजयंतीला मंत्र्यांसमोर तलवार फिरवणारी मुलगी दुसऱ्या दिवशी तीच तलवार पिशवीत घालून एसटीत बसली, तर ती कलावंत की आरोपी, हे त्या दिवशीच्या फौजदाराच्या मर्जीवर.

जपानमध्ये नोंदणी तलवारीची होते. प्रत्येक अस्सल पात्याला प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून प्रमाणपत्र मिळते आणि मालक बदलला तरी ते पात्यासोबत जाते. ब्रिटनने 2008 मध्ये 50 सेंटीमीटर आणि त्याहून लांब वक्र पात्यांच्या तलवारींची आयात-विक्री बंद केली, पण पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारी आणि युद्धकलेचा सराव यांना वगळले. आपल्याकडेही नोंदणीकृत आखाड्याला त्याच्या तलवारींचा एक सामाईक परवाना, प्रत्येक पात्यावर क्रमांक, प्रशिक्षकाच्या नावाने जबाबदारी आणि कार्यक्रमापुरते वाहतूक पत्र देता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नियमांत एक तक्ता वाढवावा लागेल. तो होईपर्यंत निदान प्रत्येक तहसील कार्यालयात मराठीत एक पान लावावे, काय चालते, काय नाही, अर्ज कोणत्या खिडकीवर.

शेवटी, ज्यांनी आधीच ऑर्डर दिली आहे त्यांच्यासाठी. माल निघाला नसेल तर आजच रद्द करा आणि रद्द केल्याचा मेल जपून ठेवा. ‘पार्सल सीमाशुल्क विभागात थांबले आहे’ असा संदेश आला असेल तर गप्प बसू नका. नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या, शक्यतो वकिलाकडून. मालावरचा हक्क सोडून देण्याची सोय कलम 23 मध्ये आहे, पण गुन्हा घडल्याचे दिसत असेल तर ती मिळत नाही, म्हणून उशीर नको. आणि पार्सल सोडवून देतो म्हणून कोणी फोनवर ‘शुल्क’ मागितले तर पैसे पाठवू नका. खरे सीमाशुल्क कोणाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर जमा होत नाही.